डाग शंभर टक्के जातील

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.

आज रुजू झाले. हुद्दा वॉटर क्वालिटी इनचार्ज. हुद्दा मीच ठरवला, कारण घनश्यामभाऊ नुसतं एवढंच म्हणाले की टाक्याकडे लक्ष ठेव. टाकं म्हणजे स्विमिंग पूल. चामोर्शी रोडवर भाऊंचा बंगला आहे, त्याच्या मागे. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, आतून पांढऱ्याशुभ्र टाईल्स. भाऊंचे ट्रक सूरजागडच्या खाणीच्या बाजूला चालतात आणि भाऊ फार हळू बोलतात. एवढं हळू की समोरच्याला वाकावं लागतं. मी घाबरले नाही, पण वाकले.

७ डिसेंबरला भाऊंच्या मुलीचं, रीताताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, याच पूलच्या काठावर आहे. मुलाकडचे नागपूरहून येणार. त्या दिवशी पाणी निळं दिसलं पाहिजे, एवढीच अट. बीएस्सी केमिस्ट्रीला हे अवघड नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा तळ्यावर मासे धरतात, आजोबाही धरायचे. काल बसस्टँडवर बाबांनी माझी पिशवी वर चढवून दिली आणि म्हणाले, "तू टिकली तं रीनाले कालेजात टाकतो. नाई टिकली तं दोघी बहिणी घरी बसा अन् जाळे विणा." रीना यंदा बारावीला आहे. म्हणजे कामावर मी एकटी नाही, आम्ही दोघी आहोत.

संकल्प: पहाटे पाचला उठणे, रोज पाण्याची टेस्ट करून वहीत मांडणे, आणि भीती हा शब्द या डायरीत न लिहिणे.

दुपारी २. उठण्याची वेळ सहा केली. थंडी फार आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

पायऱ्यांवर आणि पाणी येतं त्या तोंडाजवळ तपकिरी डाग. ब्रशने घासले. हात दुखले, डाग तसेच.

लटारूभाऊ इथले माळीही आणि चौकीदारही. ते म्हणाले की हे बोअरच्या पाण्यातलं लोखंड आहे, त्यांच्या घरी भातही लाल होतो आणि पाणी भरायचा गुंडही लाल होतो. मी ऐकून घेतलं. ज्येष्ठांचा अनुभव ऐकून घ्यावा, पण निष्कर्ष आपला काढावा. माझा निष्कर्ष: शेवाळ आणि मळ. उपाय: ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर. उद्यापर्यंत डाग शंभर टक्के जातील.

डोस दुप्पट दिला. मग शंका राहू नये म्हणून पुन्हा तेवढाच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी ६.४०.

पूलचा चहा झाला आहे. दुधाचा नाही, कोरा.

सकाळी ७. लटारूभाऊ काठावर येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं, मग मला विचारलं की बिस्किटं आणू का. मी हसले नाही. ऑक्सिडेशन झालं आहे. पाण्यात विरघळलेलं लोखंड क्लोरीनमुळे बाहेर आलं. म्हणजे लोखंडच होतं. म्हणजे निदान झालं. निदान हा उपचाराचा पहिला भाग असतो.

सकाळी ११. भाऊंचा फोन. रायपूरला आहेत. डागांचं विचारलं. मी म्हटलं, गेले भाऊ. खोटं बोलले असं नाही. जाणारच आहेत, दोन-चार दिवसांचा तर फरक. फोन ठेवल्यावर पायऱ्यांवर बसले. अर्धा तास उठलेच नाही. सकाळी नाश्ता केला नव्हता, त्यामुळे असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

तुरटी फिरवली. लांब बांबूला गाठोडं बांधून दोन दिवस काठाकाठाने फिरत होते. फिल्टर चालवला. गाळ बसला, आणि आज पाणी काचेसारखं स्वच्छ.

पाणी स्वच्छ झाल्यामुळे तळ दिसतो. तळ सगळा तपकिरी आहे. आधी डाग पायऱ्यांवर होते, आता ते भिंतींवर, तळावर, शिडीच्या मागेही आहेत. सारवलेल्या अंगणासारखं दिसतं. माझी आई इथे असती तर तिला आवडलं असतं.

रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा हॉर्न भाऊंचाच वाटतो. निम्मे आहेतही. आज सतरा वेळा उठून फाटकाकडे पाहिलं. जागरूकता कामात हवीच.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

माझ्या वर्गातला भूपेश चंद्रपूरला एका लॅबमध्ये आहे. त्याला फोन केला. माझा प्रॉब्लेम आहे असं सांगितलं नाही. एका ओळखीच्या बाईंच्या पूलला डाग पडलेत म्हटलं. तो म्हणाला की त्या बाईंना आधी क्लोरीन बंद करायला सांग. मग व्हिटॅमिन सीची गोळी डागावर धरून बघायला सांग. डाग फिका झाला तर लोखंड. मग दीड किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीचीच पावडर, नागपूरहून मागवायला सांग, काम झालं. शेवटी म्हणाला, त्या बाई केमिस्ट्रीच्या नाहीत ना. मी म्हटलं, नाहीत.

मेडिकलमधून गोळ्या आणल्या. पायरीवर एक गोळी धरून तीस सेकंद मोजले. उचलली तर खाली रुपयाएवढा पांढरा गोल. मी त्या गोलाकडे कितीतरी वेळ पाहत बसले. सगळ्या तपकिरी पूलमध्ये एक पांढरा गोल, आणि तो मी केलेला.

आता फक्त दीड किलो पावडर.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

पावडर मागवायची तर भाऊंना सांगावं लागेल. भाऊंना सांगितलं तर ते विचारतील की डाग तर गेले होते ना. मग आणखी काय विचारतील ते माहीत नाही. भाऊ ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. लटारूभाऊ सांगत होते, मागे एका ड्रायव्हरने गाडी नदीच्या पुलावरून खाली घातली तेव्हा भाऊ त्याला एवढंच म्हणाले होते, "जा बाबू, जेवून घे." तो ड्रायव्हर जेवला आणि पुन्हा या रस्त्याला दिसलाच नाही.

मी भाऊंना फोन करणार नाही. पण ते भाऊंमुळे नाही. खरं कारण मला दुपारी सुचलं आणि लाजच वाटली की आधी का सुचलं नाही. व्हिटॅमिन सी सगळ्यात जास्त कशात? आवळ्यात. आवळा कुठे? चारी बाजूंनी. पावडर नागपूरच्या दुकानातून, आवळा आपल्या जंगलातून. गावच्या बायांना काम मिळेल, रसायन लागणार नाही, आणि असा पूल साफ करणारी मी जिल्ह्यातली पहिली असेन. शिकलेल्या माणसाने आपल्या मातीसाठी काही करायचं म्हणजे हेच.

रीनाला फोन करून सांगितलं. बाबांना आणि तिला सात तारखेला पूल पाहायला बोलावलं. निळ्या पाण्याजवळ बाबांचा फोटो काढीन.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

सुकरीबाई भेटल्या. पलीकडच्या जंगलगावच्या आहेत, रस्त्याकाठी आवळे, डिंक, मोहफूल घेऊन बसतात. मी चार पोती आवळे मागितले. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. मग सोबतच्या बाईला गोंडीत काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. मग मला मराठीत म्हणाल्या, "एवढ्या लोकायचे केस काळे करता का मॅडम?"

विनोदी स्वभाव आहे त्यांचा. कष्ट करणारी माणसं मनाने मोकळी असतात. मी त्यांना व्हिटॅमिन सी समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पोत्यांसाठी सुतळी मागितली.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

चार पोती आली. औषधासाठी भाऊंनी दिलेल्या पैशातूनच दिले. औषधच आहे.

प्रयोग केला. आवळा कापून डागावर घासला. डाग फिका झाला. कडेने थोडं काळपट दिसलं, पण तिथे शिडीची सावली पडते.

लटारूभाऊ काहीतरी सांगायला लागले होते, त्यांच्या बाईचं, कढईचं. मी म्हटलं, लटारूभाऊ, घरचं मग सांगा, आधी उखळ द्या. त्यांनी उखळ आणून दिलं आणि झाडाखाली जाऊन बसले. रात्री रंभाकाकू, म्हणजे भाऊंच्या पत्नी, खिडकीतून पाहत होत्या. लोणचं का, विचारलं. मी नाही म्हटलं. त्या निराश झाल्या.

बुधवार, ३ डिसेंबर.

चार दिवस कांडते आहे. आज चोपन्न गाठोडी झाली. भाऊंच्या ऑफिसातल्या जुन्या पडद्यांत बांधली. वजनाला आत विटेचे तुकडे.

खोल बाजूला गाठोडी सोडताना काठावर पोटावर झोपावं लागलं. मला पोहता येत नाही. तळ्यावरच्या माणसाची मुलगी आणि पोहता येत नाही, हे इथे कुणाला सांगितलेलं नाही. बाबा म्हणायचे, तू शीक, पाण्यात मी उतरतो.

साडेपाचला शेवटचं गाठोडं सोडलं. पाणी अजून स्वच्छ. उद्या सकाळी फिके डाग, परवा पांढऱ्या टाईल्स. शंभर टक्के.

गुरुवार, ४ डिसेंबर. सकाळी ६.

पाणी करडं. संथ पसरतंय. रिॲक्शन सुरू आहे.

सकाळी ९. जास्त करडं.

दुपारी १. गाठोड्याभोवती निळसर काळे ढग. एकमेकांत मिसळतायत. फिल्टर चालू केला. फिल्टरने ते सगळीकडे सारखे पसरवले.

शुक्रवार, ५ डिसेंबर. सकाळी ६.१५.

काळं.

सकाळी ७. चूक नको म्हणून वाटीत घेऊन पाहिलं. काळं. निळसर झाक आहे. हात घातला, मनगटापर्यंतच दिसतो. बाहेर काढला तर नखं काळी.

मला आठवलं. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. लोखंडाच्या क्षारात टॅनिन टाकलं की शाई होते. पूर्वी शाई अशीच करायचे. आवळ्यात व्हिटॅमिन सी असतं तसं टॅनिनही भरपूर असतं. त्या प्रॅक्टिकलला मला वीसपैकी वीस होते. जर्नलमध्ये आकृती मी रंगीत पेन्सिलने काढली होती.

मी एक लाख लिटर शाई केली आहे.

सकाळी ८. आईला फोन केला. पूलचं सांगितलं नाही, सहज विचारलं की आवळा आणि लोखंड. ती म्हणाली, "लोखंडाच्या कढईत आवळे भिजवून मी दर महिन्याले केसाले लावतो, तुले दिसत नाई का? तुह्या समोर तं लावतो." मग विचारलं, काऊन विचारून राह्यली. मी म्हटलं, असंच. सुकरीबाईंना माहीत होतं. लटारूभाऊंना माहीत होतं, ते कढईचं सांगतच होते.

भीती वाटते. लिहिला शब्द. भाऊंची वाटते. या पाण्याची वाटते, त्यात खाली काहीच दिसत नाही. सगळ्यात जास्त बाबांच्या त्या बसस्टँडवरच्या वाक्याची वाटते. रीना रात्री जाळं घेऊन बसलेली दिसते मला, आणि शेजारी मी, डिग्रीसकट.

दुपारी ३. सावरले. प्लॅन: पाणी काढून टाकायचं. लटारूभाऊ म्हणाले, छोट्या मोटरने तीन दिवस लागतील, आणि पाणी जाणार कुठे तर खाली त्यांनी पेरलेल्या हरभऱ्यात, आणि हरभऱ्यात हे पाणी गेलं तर ते स्वतः मोटर विहिरीत टाकतील. प्लॅन बी: पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. आठशे चौरस फूट पाकळ्या लागतील.

संध्याकाळी ६. मांडववाला झिंगू आला. पूल पाहून म्हणाला की भारी आहे, लाइट मारला की आरशासारखं दिसेल, मोठ्या हॉटेलात असंच असते. मला थोडा धीर आला. काळा रंग आजकाल चालतो. थीम म्हणता येईल.

शनिवार, ६ डिसेंबर. दुपारी.

भाऊ आले. खरा हॉर्न होता.

ते काठावर गेले. मी तीन पावलं मागे. त्यांनी वाकून पाण्यात पाहिलं. पाण्यात त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, मिशीचा एकेक केस. मला वाटलं ओरडतील. ते हळू म्हणाले, "निळं कवा होईल?"

मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत. शंभर टक्के.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. भाऊंनी माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा पोरी, जेवून घे."

मी जेवले नाही. जेवले तर संपेल असं वाटलं.

संध्याकाळी ७. बाबा आणि रीना आजच आले. बसने, बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी त्यांना पुढच्या दारानेच घेतलं आणि मागे काम चालू आहे म्हणाले. रीना तेवढ्यात लटारूभाऊंशी बोलत उभी राहिली. पाणी कुठून येते, बोअर किती फूट, डाग कवापासून, आवळा कोणाच्या डोक्यातून निघाला, कोणाकडून आणला. पाच मिनिटांत तिला सगळं माहीत झालं. मला इथे महिना होत आला, इथली बोअर किती फूट ते मला आज कळलं.

मग ती माझ्याजवळ आली. माझे हात पाहिले फक्त.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी ६.

आवाजाने जाग आली. मागे गेले तर बाबा काठावर. शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवलेला. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं, जिभेला लावलं. म्हणाले, "आवळा." मला विचारलं की अजून आत किती आहेत. चोपन्न म्हटलं. हे सडलं तर दुपारपर्यंत पाहुण्यांना वास येईल, म्हणाले.

आणि उतरले. काहीच दिसत नव्हतं त्या पाण्यात ते बुडी मारायचे, आणि मी मोजायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं आता येत नाहीत. मग दुसऱ्याच बाजूला डोकं वर यायचं, हातात गाठोडं. पडदे फाटलेले, आवळे सुटलेले. रीना आणि मी गाठोडी ओढून घेत होतो. शेवटची सहा सापडेनात. थंडीने बाबांचे ओठ निळे. मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, तू मोजली ना चोपन्न. पुन्हा गेले.

चोपन्न झाली. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशीला काळी झाक आली होती. पाणी काळंच.

दुपारी ४. साक्षगंध झालं. पूलजवळ नाही. मुलाकडची आजी आधी मागे फिरून आली, पाण्यात पाहिलं आणि रंभाकाकूंना विचारलं, "इथी किती जण मेले?" कुणी नाही म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. शुभ कामाला काळं पाणी नको, ती अडून बसली. झिंगूने धावत मांडव पुढे आणला, ट्रक उभे राहतात तिथे. दोन ट्रक मांडवाच्या कापडाने झाकले. रीताताई मात्र गुपचूप पूलवर जाऊन फोटो काढून आली. तिचं प्रतिबिंब छान आलं होतं.

भाऊ पंगतीत सगळ्यांना वाढत होते. बाबांच्या पानाजवळ थांबले, हळू काही बोलले. बाबांनी वाकून ऐकलं. मग बाबा माझ्याकडे येऊन म्हणाले की भाऊ म्हणतात पोरगी थकली आहे, काही दिवस घरी आराम करू दे. किती दिवस ते नाही म्हणाले. म्हणजे रजाच आहे. पुढे कळवतील.

सोमवार, ८ डिसेंबर. रात्री, घरी.

बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर, आम्ही दोघी मागे. मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. चामोर्शी गेलं, पुढचा फाटा गेला. मी त्यांच्या ऐवजी तेच वाक्य मनात म्हणत होते, जाळं विणा, जाळं विणा. शेवटी मीच म्हटलं, रजा संपली की परत बोलावतील.

बाबा मागे वळले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नाई बोलवत. तू भेली अन् कोणाले विचारलं नाई. एक बार विचारलं असतं तं ते आवळेवाली सुकरीबाईच सांगून देती." मग म्हणाले, "रीनाले टाकतो कालेजात."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रीनाने माझा हात दाबला. मी विचारलं, मी टिकले नाही तरी? ते म्हणाले, "रीना विचारते. तू नाई विचारत. म्हणून."

मला आनंद झाला. झालाच. रीना जाणार आहे. तरी खिडकीकडे तोंड करून बसले, घर येईपर्यंत.

घरी आल्यावर हात साबणाने घासले, मग राखेने, मग लिंबाने. तळवे उजळले, नखं तशीच. भूपेशला फोन करणार होते, पुन्हा त्या ओळखीच्या बाईंच्या नावाने. नाही केला. चुलीजवळ आई बसली होती. तिच्यासमोर हात धरले आणि विचारलं, हे डाग कशाने जातात.

आईने हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाली, कशानेच नाही, नखं वाढली की कापायची.